आमची बिलं १२० दिवस का थांबावीत? आपल्या गावच्या सुपरमार्केटच्या मालकांना खुले पत्र

प्रति,
दोघे संचालक बंधू,
(कंपनीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. आपल्या गावाला ते सांगायला नको, आणि परगावच्यांनी त्या जागी आपापल्या गावचं घालून वाचलं तरी चालेल.)

स. न. वि. वि.

तुम्हा दोघांना मी आजवर अरे-तुरेच करत आले. धाकट्याला तर दुकानातल्या शेंगदाण्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातलेला असताना मी स्वतः पकडलेलं आहे. पण हे पत्र कंपनीच्या संचालकांना आहे, म्हणून 'तुम्ही' लिहिते. सवय नाही, मधेच कुठे घसरले तर काकू म्हणून सोडून द्या.

गेल्या महिन्यात तुमच्या खरेदी विभागाचा मेल आला. मुलीने वाचून दाखवला. पुढच्या महिन्यापासून सगळ्या पुरवठादारांची बिलं १२० दिवसांनी निघतील. नव्या तीन मजली दालनाच्या उद्घाटनासाठी प्रत्येक बिलातून अडीच टक्के 'सहयोग' म्हणून कापले जातील. ज्यांना मान्य नसेल त्यांनी सात दिवसांत कळवावं, म्हणजे त्यांच्या मालाची जागा दुसऱ्याला देता येईल. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात: या मेलला उत्तर देऊ नये.

कळवावं, पण उत्तर देऊ नये. मग कुठे कळवायचं? म्हणून इथे चारचौघांत लिहिते आहे.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी कांदा-लसूण मसाला, काळा मसाला, जवसाची आणि कारळ्याची चटणी करते. माझ्याकडे बाराही महिने ११ बायका कामाला असतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा मिरचीचा हंगाम, तेव्हा वीसपर्यंत जातात. त्यातल्या चौघींचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं. धंदा सुरू झाला तो पाच किलो मसाल्यावर, आणि तो पाच किलो विकला तुमच्या वडिलांनी. आप्पांनी बरणी गल्ल्याशेजारी ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर चिमूटभर ठेवून 'बघा कसा लागतो' म्हणत राहिले. सातव्या दिवशी बरणी रिकामी झाली. आठव्या दिवशी, बाजारच्या वारी, पैसे माझ्या हातात होते. कमिशन कापून, सुट्ट्या नाण्यांसकट.

तेव्हाचं दुकान तुम्हाला आठवतं की नाही कोण जाणे. बारा बाय वीसचा गाळा, समोर लाकडी फळी, पितळी तराजू आणि वर टांगलेली दोऱ्याची गुंडी. पुडी बांधली की त्याच कागदावर हिशोब. मग शेजारचा गाळा घेतला आणि आप्पांनी 'हातानं माल घ्यायचं' दुकान काढलं. गावात पहिलंच. बायका बिचकायच्या. उघड्या फळीवरून साबणाची वडी आपणच उचलायची? कुणी बघितलं तर काय म्हणेल! माझ्या सासूबाई पहिल्यांदा गेल्या त्या रिकामी बास्केट घेऊन पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि परत आल्या. कारण काय, तर 'काय देऊ' म्हणून कुणी विचारलंच नाही. शेवटी आप्पांनी दारात एक मुलगा उभा केला, नुसतं 'या, काय बघताय' म्हणायला. मग वरच्या मजल्यावर कपडे आले, स्टीलची भांडी आली, शाळेची दप्तरं, रेनकोट आले. लोक त्याला मॉल म्हणायला लागले. पुढे तालुक्याच्या गावांमधून शाखा निघाल्या. आज १९ आहेत. विसावी तीन मजली.

या वाढीचा मला अभिमान वाटत आला आहे, हे खोटं नाही. पाहुण्यांना मी तुमचं दुकान दाखवायला न्यायची. बाहेरची कंपनी न येता आपल्या पेठेतल्या माणसाने हे उभं केलं, याचं कौतुक कुणाला नसेल?

पण १९ शाखा कशाच्या पैशांवर उभ्या राहिल्या, ते जरा बघा. बँकेचं कर्ज असेल, तुमची मेहनत आहेच. तिसरा पैसा आमचा आहे. माझं पाकीट तुमच्या फळीवर साधारण वीस दिवसांत विकलं जातं, हे तुमचाच मॅनेजर सांगतो. गिऱ्हाईक रोख देतं किंवा मोबाइलवरून, तिथल्या तिथे. म्हणजे विसाव्या दिवशी माझ्या मसाल्याचे पैसे तुमच्याकडे जमा. मला मिळणार १२०व्या दिवशी. मधले शंभर दिवस ते पैसे तुमच्याकडे बिनव्याजी राहतात. असे तुमचे पुरवठादार किती असतील? पापडवाले, लाडूवाले, काकवी देणारे, झाडू बांधणारे. सगळ्यांचे शंभर-शंभर दिवस एकत्र केले की नव्या दालनाची फरशी त्यातच बसत असेल.

आता माझी बाजू. महिन्याला चार लाखांचा माल तुम्हाला जातो. १२० दिवस म्हणजे सोळा लाख कायम अडकलेले. माझ्या बँकेच्या कॅश क्रेडिटचा दर अकरा टक्के. वर्षाचं व्याज एक लाख शहात्तर हजार. ४५ दिवसांत पैसे आले तर अडकतात सहा लाख, व्याज सहासष्ट हजार. मधला फरक एक लाख दहा हजार. तुमच्या हिशोबात ही रक्कम दिसणारही नाही, माझ्याकडे तो एका बाईचा वर्षभराचा पगार आहे. आणि ब्याडगी-संकेश्वरी मिरची चार महिन्यांच्या उधारीवर मिळत नाही. हंगामात रोख मोजून ती कोल्ड स्टोरेजला टाकावी लागते. सांगलीच्या बाजारातली हळद तशीच, धण्याचंही तेच. कांडपवाला तर पोतं उतरवायच्या आधी मागचे पैसे मागतो, आणि त्याचं चुकत नाही.

जीएसटीचं आणखी वेगळं. मसाल्यावरचा पाच टक्के कर बिल केलं की पुढच्याच महिन्यात मला भरावा लागतो, तुम्ही पैसे दिलेले असोत वा नसोत. तुम्ही मात्र त्या बिलावर कराची वजावट लगेच घेऊ शकता. १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तरच ती परत करावी लागते. तुमच्या हिशोबनीसांनी १२० चा आकडा कुठून काढला, ते मला हळूहळू कळायला लागलं आहे.

मोठं व्हायचं तर हे करावंच लागतं, असं तुमच्या खरेदी-मॅनेजरने माझ्या मुलीला ऐकवलं. बरं, मोठ्यांकडेच बघू. राधाकिशन दमाणी हे शेअर बाजारातलं नाव. स्वतःचं दुकान काढण्याआधी त्यांनी नेरूळला 'अपना बाजार' या सहकारी भांडाराची फ्रँचायझी चालवून पाहिली. मग २००२ साली पवईत पहिलं डीमार्ट. घाई केली नाही, २०१० पर्यंत जेमतेम पंचवीस दुकानं होती. २०१७ च्या मार्चमध्ये २९९ रुपयांना विकलेला शेअर बाजारात आला त्या दिवशीच दुप्पट झाला. २०२५ च्या मार्चअखेर दुकानं ४१५. आणि या सगळ्या काळात त्यांची ख्याती कसली, तर पुरवठादाराचे पैसे आठवड्या-दहा दिवसांत मोकळे करण्याची. दानधर्म म्हणून ते हे करत नाहीत. लवकर पैसे देणाऱ्याला कारखानदार भाव कमी लावतो, तोच भाव ते गिऱ्हाइकाला देतात आणि गर्दी खेचतात. त्यांच्या शेजारी किराणा चालवणाऱ्याला विचारलं तर तो वेगळीच गोष्ट सांगेल, ते सोडा. पण उधारीवर चढल्याशिवाय मोठं होता येत नाही, हे काही खरं नव्हे. आप्पांनाही ते येत होतं, बाजारच्या वारी पैसे देऊन.

उलटी उदाहरणंही आहेत. सुभिक्षा १९९७ साली चेन्नईत सुरू झाली, देशभर सोळाशे दुकानांपर्यंत पळाली आणि २००९ मध्ये शटर खाली. कामगारांचे पगार राहिले, माल देणाऱ्यांची बिलं राहिली. २००१ पासून घरोघरी माहीत झालेलं बिग बझार ज्या कंपनीचं, ती फ्यूचर रिटेल २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. अशा वेळी तारण घेऊन बसलेल्या बँका रांगेत पुढे असतात, पापड-मसालेवाले मागे. तुमचं तसं व्हावं असं माझ्या शत्रूच्याही मनात यायला नको. पण माझे सोळा लाख तुमच्याकडे ठेवायचे तर ही भीती मला वाटणारच ना?

एवढंच असतं तर कदाचित मी घरी येऊन बोलले असते. पण गेल्या तीन वर्षांत साचलेलं बरंच आहे, ते आता मांडतेच.

मुदत संपलेला माल सगळा आमच्या गळ्यात. माझ्या पाकिटाला सहा महिन्यांची मुदत. तुमच्या गोदामात ते अडीच महिने पडून राहतं, नंतर शाखेत जातं, आणि उरलेलं 'रिटर्न' म्हणून टेम्पोतून परत येतं. त्याची डेबिट नोट, म्हणजे माझ्या बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, आधी येते, माल नंतर. दोनदा तर माल आलाच नाही. विचारलं तर म्हणाले, नष्ट केला. कुणासमोर? उंदराने कुरतडलेली पाकिटंही माझ्याच खात्यावर पडली. उंदीर तुमच्या गोदामातले, तेवढं तरी मान्य करा.

बारकोड घ्या म्हणालात, घेतला. ८९० ने सुरू होणारे ते तेरा आकडे पाकिटावर बसवायला सगळी छपाई बदलावी लागली. त्याबद्दल तक्रार नाही, ते आवश्यकच होतं. पण त्याच सुमारास 'गुणवत्ता तपासणी' म्हणून तुमची माणसं आली आणि कुठल्या मिरचीचं प्रमाण किती, खोबरं किती, किलोमागे खर्च किती, सगळा तक्ता लिहून घेऊन गेली. मी चहा-पोहे करून घातले. आठ महिन्यांनी तुमच्याच नावाचा कांदा-लसूण मसाला फळीवर आला. माझ्या पाकिटासारखाच विटकरी रंग, माझ्यापेक्षा बारा रुपयांनी स्वस्त, डोळ्यांच्या रेषेत मांडलेला. माझं पाकीट खाली, गुडघ्याच्याही खाली, फिनेलच्या बाटल्यांना लागून. स्वतःच्या नावाचा माल काढायचा हक्क तुम्हाला आहे, सगळ्याच साखळ्या काढतात. पण तपासणीच्या नावाखाली घेतलेला तक्ता त्यासाठी वापरायचा? मी सिद्ध करू शकणार नाही. फक्त एवढं सांगते, तुमच्या मसाल्यात दगडफूल किंचित जास्त पडतं. ती माझी जुनी चूक आहे. तुम्हाला तक्ता दिला त्यानंतर मी ती सुधारली.

आणि तो फोन. २०२४ च्या एप्रिलपासून आयकराचा नियम लागू झाला, कलम ४३ बी (एच). सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च दाखवता येत नाही, म्हणजे तेवढ्यावर कर बसतो. आम्हाला वाटलं, चला, आता तरी पैसे वेळेवर येतील. त्याऐवजी तुमच्या कार्यालयातून फोन आला: 'काकू, तुमची उद्यम नोंदणी रद्द करून टाका ना, उगाच दोन्हीकडे त्रास.' ही नोंदणी म्हणजे मी लहान उद्योग असल्याचा सरकारी दाखला. माझा त्रास कुठला, ते त्या मुलाला सांगता आलं नाही. मी रद्द केली नाही. लाडूवालीने केली. तिचं नाव मी घेणार नाही.

कायदा तसा स्पष्ट आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे माझ्यासारखीचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढीने. म्हणजे तुमच्या मेलमधले १२० दिवस मी सही करून मान्य केले तरी कायद्यापुढे ते टिकत नाहीत. सरकारी पोर्टलवर मी आज रात्री तक्रार टाकू शकते.

मग टाकत का नाही? कारण तक्रार टाकली की दुसऱ्या दिवशी फळी रिकामी. निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर ११ बायकांना काय सांगू? तुमच्या मॅनेजरला हे पक्कं ठाऊक आहे. गावात तुमच्या दुकानाशिवाय उरलीत किती दुकानं? जी होती त्यातली निम्मी तुमच्यापुढे टिकली नाहीत. त्यामुळे आम्हाला दुसरं गिऱ्हाईक नाही, आणि म्हणूनच तो मेल इतक्या कोरड्या भाषेत लिहिता आला.

मला राग कशाचा आला, तर २०१९ चा. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं तेव्हा तुमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. साखर विरघळून गेली, डाळी फुगून पोती फुटली. पाणी ओसरल्यावर आप्पा आमच्या दारात आले, गुडघ्यापर्यंत चिखल, कुणाचा तरी रेनकोट अंगात. बसले नाहीत. म्हणाले, पैशांना उशीर होईल, किती ते सांगता येत नाही. माझे तीन लाख ऐंशी हजार अडकलेले होते. मी म्हटलं, आधी दुकान धुऊन काढा. पेठेत ज्यांना ज्यांना मी ओळखते त्यातल्या एकाही पुरवठादाराने तेव्हा माल थांबवला नाही. पुढच्याच आठवड्यात ओल्या भिंतींच्या दुकानात आमचा नवा माल लागला, उधारीवर. पैसे फिटायला नऊ महिने लागले, मधे टाळेबंदीही आली. शेवटचा चेक आप्पा स्वतः घेऊन आले, तोंडाला मास्क बांधून, आणि दारातूनच देऊन गेले. त्या नऊ महिन्यांचं व्याज मी मागितलं नाही, आणि आजही मागत नाही.

पण ते पुरात थांबणं होतं. आज पूर नाही. आज तुम्ही तीन मजले बांधताय.

तर माझं मागणं असं. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची बिलं ४५ दिवसांत द्या, आणि ते खरेदीच्या ऑर्डरवर छापून द्या. अडीच टक्क्यांची कपात मागे घ्या. उद्घाटन तुमचं आहे, आम्ही नारळ घेऊन येऊच. उद्यम नोंदणी रद्द करण्याचे फोन बंद करा, आणि ज्यांनी तुमच्या सांगण्यावरून रद्द केली त्यांना पुन्हा करायला सांगा. मुदत संपलेला माल परत करायचा तर तो तुमच्या गोदामात किती दिवस पडून होता ते लिहून द्या, आणि आमच्या माणसासमोर मोजा. कंपन्यांची वर्षाची उलाढाल अडीचशे कोटींच्या वर असेल तर लहान उद्योगांच्या बिलांसाठीच्या 'ट्रेड्स' मंचावर नोंदणी करणं केंद्र सरकारने बंधनकारक केलं आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर नोंदणी झाली की नाही ते आम्हाला सांगा, म्हणजे निदान बिल दाखवून बँकेकडून आधी पैसे उचलता येतील. फळीवर माझं पाकीट वर ठेवा असं मी म्हणत नाही. फिनेलपासून तेवढं हलवा. खाण्याची वस्तू आहे. आणि मेलच्या खाली कुणाचं तरी नाव घाला, ज्याला फोन केला की तो उचलेल.

या पत्रावर मी आणखी चौदा पुरवठादारांच्या सह्या घेणार होते. नऊजण हो म्हणाले, मग रात्री एकेकाचा फोन आला. कुणाच्या मुलीचं लग्न आहे, कुणी नुकतंच पॅकिंगचं मशीन घेतलंय. मी कुणालाही दोष देत नाही. म्हणून खाली सही माझी एकटीची.

येत्या सोमवारी माझा टेम्पो नेहमीसारखा तुमच्या मुख्य गोदामात येईल. चाळीस खोकी. या वेळी बिलावर एक ओळ जास्त छापली आहे: देय मुदत ४५ दिवस. तुमच्या माणसाने त्यावर सही-शिक्का दिला तर खोकी उतरतील. नाही दिला तर ड्रायव्हरला सांगितलं आहे, वाद घालू नकोस, गोदामाबाहेर चहा पी आणि माल परत घेऊन ये. परत आलेल्या चाळीस खोक्यांचं काय करायचं तेही ठरलं आहे. बुधवारच्या बाजारात मी स्वतः बसणार आहे, बरणी आणि चमचा घेऊन. तुम्ही दोघं आलात तर चिमूटभर हातावर ठेवीन.

आपली,
मसालेवाली काकू